क्वाशने रचलेली बाजू

पेलिकन पॉइंट, जॉर्जिया
९ मार्च १८८६

तीना वहिनीस,

कफीचा नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. तू आणि दोन्ही पोरी सव्हाना शहरात बऱ्या असाल असं धरून चालतो, कारण तुझं उत्तर काही मला येत नाही. माझ्या बायकोचा, हॅगरचा, गुडघा धरलाय, तोंड मात्र पहिल्यासारखंच चालतं. यंदा खाडीत शिंपल्यांची कालवं भरपूर आहेत. भातखाचरांचे बांध घालायला माझ्या हाताखाली आता बारा गडी आहेत. बांध फुटला की नदीच्या दोन्ही तीरांवरचे जमीनदार म्हणतात, कफीला बोलवा.

हे सगळं आधी लिहिलं, कारण खरं लिहायचं ते पुढं ढकलायचं होतं.

गेल्या मंगळवारी थॉर्नवेल कॅप्टन दारात आला. केस पिकलेत, रुबाब तोच. पुढच्या महिन्यात त्याचे जुने शिपाई किल्ल्यावर जमणार, दगड बसवणार, आणि उत्तर-दक्षिणेच्या यादवीत त्या मातीच्या किल्ल्यानं काय पराक्रम केला त्याचा इतिहास कॅप्टन वाचणार. आठ पानं लिहिलीत. मला वाचून दाखवली. तोफांची नावं, जहाजांची नावं, दारू वाहणाऱ्या खेचराचंसुद्धा नाव. तो किल्ला उभारणाऱ्या आपल्या दोनशे माणसांपैकी मात्र एकाचंच. ‘ऐन लढाईत मोठी तोफ बंद पडली, कारण क्वाश नावाच्या आळशी गुलामानं भिंतीला खुंट्या मारल्या नव्हत्या.’

“कफी, लेका, तू तर त्याचा भाऊ. होतास की तिथं,” कॅप्टन म्हणाला. “खाली साक्षीला सही कर, आणि त्या दिवशी दोन शब्द बोल. तुझ्यासारख्या इमानी माणसाचं लोक ऐकतात.”

“इमानी म्हणजे कोणाशी, कॅप्टनसाहेब?”

तो हसला. “तुझी थट्टा काही सुटत नाही. बांधांची कामं देणारी सगळी मंडळी पुढच्या रांगेत असतील, एवढं ध्यानात ठेव.”

मी म्हटलं, “कागद ठेवून जा. मी सावकाश वाचणारा माणूस.”

आता ऐक. गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपा उलट्या रचायच्या, गवत खाली, मुळं वर, आणि दर दुसऱ्या थराला लाकडी खुंट्या ठोकून तो खालच्या थराशी आवळायचा. मला हे क्वाशनंच शिकवलं. मोठ्या तोफेच्या खिडकीची डावी बाजू तो रचत होता, उजवी मी. डोक्यावर अधिकारी उभे राहून बोलायचे. आम्हाला कान असतील असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांच्याच तोंडून मी ऐकलं, की उत्तरेची जहाजं आठवड्यात येणार आणि ही तोफ त्यांना खाडीच्या तोंडातच बुडवणार. उत्तर जिंकली तरच आपण गुलामीतून सुटणार होतो. त्या दिवसापासून माझ्या वाटणीच्या खुंट्या मी खाडीत सोडत गेलो.

विसरलो नव्हतो. आळसही नव्हता.

लढाईत त्या तोफेच्या चौथ्याच बाराच्या हादऱ्यानं माझी बाजू खाली बसली. ढिगारा तोफेच्या चाकांवर आला आणि तोफ गप्प झाली. जहाजं भरतीबरोबर आली तशी ओहोटीबरोबर धडधाकट निघून गेली. थॉर्नवेल ओरडत आला, “ही बाजू कोणाची?” माझे हात कोपरापर्यंत चिखलात. मी बोलणार, एवढ्यात क्वाश म्हणाला, “माझी.” माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. आणि मी उघडलेलं तोंड मिटलं.

त्याच्या पाठीवरचे वळ तू धुतलेस. पुढं त्याला मीठ शिजवायच्या भट्ट्यांवर धाडलं आणि तिथं तो तापानं गेला. तेव्हा तू मला विचारलंस, “माझा नवरा खुंट्या विसरणारा होता का रे?” आणि मी म्हटलं, “घाईत होतं असं कधी कधी.” त्या एका वाक्यासाठी तू तेवीस वर्षं अबोला धरलास. खरं काय ते ठाऊक असतं तर दारात उभंही केलं नसतंस.

खुंट्या टाकल्याची मला लाज नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा टाकीन. लाज आहे ती त्या वाक्याची.

काल किल्ल्यावर जाऊन आलो. माझ्या बाजूवरून शेळ्या चढतात-उतरतात. क्वाशची अजून सरळ उभी आहे, बोट घालायला फट नाही.

हॅगरला सगळं सांगितलं. चवळी ढवळता ढवळता म्हणाली, “तेवीस वर्षं मुहूर्त बघत होतास वाटतं? बोल आता. बांध गेले तर कालवं विकू. पण पुढच्या रांगेकडे बघून अर्ध्यात थांबलास, तर घरी येऊ नकोस.”

कागद आज सकाळी परत पाठवला. क्वाशचं नाव खोडून माझं घातलंय, ‘आळशी’ खोडून ‘जाणूनबुजून’ लिहिलंय, आणि खाली साक्षीची सही केलीय. मागितली होती ना त्यानं. हे तो लोकांपुढं वाचणार नाही, एवढं मला कळतं. म्हणून दगड बसवायच्या दिवशी, दहा एप्रिलला, मीच उठून वाचणार. चौथऱ्यावरून खाली ओढलं तर जमिनीवरून वाचीन. नदीपलीकडच्या गड्यांना हाका मारून कमावलेला आवाज आहे.

तू ये. माफी मी मागत नाही, ती मागायचं तोंड मला नाही. पोरींना आण आणि बापाच्या भिंतीशी उभं कर. त्याचा हात कसा होता ते त्यांनी चाचपून बघावं. तू नाही आलीस तरी मी वाचणारच.

उजवी बाजू रचणारा,
कफी