शून्यापुढे एक आटा

६ नोव्हेंबर २०००
इंपाला आली. जुनी अमेरिकन गाडी, मुंबईहून, ट्रकवर चढवून. वारूळवाडीचे दामूशेठ, द्राक्षवाले, त्यांनी घेतलीय. पोरीची वरात ह्याच गाडीतून निघणार म्हणे. लग्न पुढच्या महिन्यात, इंजिन जाम.
आधी आळेफाट्याचा पोपट मेकॅनिक बघून गेला होता. तो म्हणाला, टॅपेटचा गॅप फिलरच्या मापपट्टीनं लावून देतो. पट्टीनं! हायड्रोलिक टॅपेटला गॅप ठेवायचाच नसतो, हे त्या ट्रॅक्टरवाल्याला कुणी सांगावं. शेठ म्हणाले, "भाऊ, ह्या टापूत ह्ये काम तुमीच करनार." खरंच आहे. ग्रँट रोडच्या गॅरेजात उमेदीची वर्षं ह्याच इंजिनांत घातली.

१५ नोव्हें.
रिंगा, बेअरिंग झाली. लेथवाल्यानं एक दिवसाचं काम चार दिवस ठेवलं आणि वर मलाच म्हणतो, घाई का करता. त्याच्या तोंडाला लागलो नाही. लागायला हवं होतं.
नवे टॅपेट मुंबईहून आले. बारा, व्हॉल्व्हमागे एक.

२१ नोव्हें.
आज टॅपेट बसवले. सहा सिलेंडर, बारा नट. ग्रँट रोडच्या उस्तादांनी शिकवलं तसंच. पुशरॉड, म्हणजे टॅपेटवरची सळई, दोन बोटांत धरून फिरवत राहायचा, दुसऱ्या हातानं नट आवळत जायचा. मोकळा फिरतोय तोवर ढिलं. बोटाला जरासा अडला की ते शून्य. तिथून पुढे एक आटा, नटाचा एक पूर्ण फेरा, बस्स. टॅपेटच्या पोटातली दांडी तेवढीच दाबायची. कमी दाबली तर टकटक, फार दाबली तर व्हॉल्व्ह बंदच होत नाही. उस्ताद म्हणायचे, "उँगली से पूछ, कान से नहीं."
विचारलं बोटाला. बाराही वेळा. उद्या स्टार्ट.

२२ नोव्हें.
थुंकली. कार्बोरेटरमधून फटाफट उलटा धूर. कॉम्प्रेशन नाही. शेठ समोर उभे, सोबत व्याही. व्याही हसले. शेठ व्याह्यांना घेऊन निघून गेले, ते जास्त लागलं.
टॅपेटच भिकार. मुंबईला फोन लावून त्या दुकानदाराला जे तोंडात आलं ते बोललो. तो म्हणतो, ह्याच पेटीतले चार गाड्यांना गेले, कुणाची तक्रार नाही. मग मी काय झोपेत बांधलं?
सुमन, म्हणजे आमची ही, घरी म्हणाली, "नाचता येईना, अंगन वाकडं." ताट सरकवून उठलो.

२५ नोव्हें.
पुन्हा सगळे नट ढिले केले, पुन्हा आवळले. पुन्हा तेच. फट फट फट.
सु. नं हात धरला. करंगळीशेजारच्या बोटावर फोड. "ह्ये कधी भाजलं?" मला काय माहीत. सायलेन्सरच्या पाइपाला लागलं असेल. "आन् तुमाला कळलं न्हाई?" कामात असताना कळत नसतं. हजारदा भाजलोय. तर माझ्याकडे बघतच राहिली. मला तसं बघितलेलं चालत नाही.

२७ नोव्हें.
बाजारातून आलो तर डाव्या पायात चप्पल नाही. कुठे सुटली पत्ता नाही. अनवाणी आलो, काटा भरलेला. रस्त्यात चार लोकांनी बघितलं असणार, एकानंही सांगितलं नाही. अशी ही माणसं.
सु. हसली नाही. दवाखान्यात चला म्हणाली. गेलो नाही.

२९ नोव्हें.
नेलंच तिनं. डॉक्टर माझ्या पोराच्या वयाचा. डोळे मिटायला लावले, बोटांना काहीतरी टोचत बसला. "आता टोचलं का? आता?" मी अंदाजानं हो हो म्हणत गेलो. तो म्हणाला, "काका, शेवटच्या चार वेळेला मी हातच लावला नव्हता." मला पकडायला निघाला होता.
साखर. बरीच, आणि बऱ्याच वर्षांची म्हणे. पायाच्या नसा गेल्यात, आता बोटांच्या चालल्यात. विचारलं, परत येतील का. म्हणाला, आहे तेवढं राखू.
तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. माझ्या तळपायाला आग कळत असती तर ना.
गोड मी खात पण नाही. चहात दोनच चमचे.

१ डिसेंबर
टॅपेटच खराब आहेत. डॉक्टरला इंजिनातलं काय कळतं.

२ डिसें.
सु. डबा घेऊन आली. मी बडबडत होतो, हे बघ, हा पुशरॉड अजून मोकळा फिरतोय, टॅपेटची स्प्रिंग मेलेली. तिनं हात पुसला, दोन बोटांत पुशरॉड धरला, फिरवला. "मोकळा कुठंय? अडतोय की."
म्हटलं, तुला काय कळतंय.
"द्राक्षाची विरळणी करती मी. मणी देठापाशी ढिला का घट, बोटाला कळतं."
ठीक. नट पूर्ण ढिला केला. तू फिरव, मी आवळतो, अडलं की थांब म्हण. ती "थांबा" म्हणाली. तिथे नटावर खडूची खूण केली. मग तिला बाजूला करून मी फिरवत आवळत गेलो, माझ्या बोटाला कळेपर्यंत. खुणेपासून दोन आटे पुढे, वर अर्धा. आणि मी त्यावर आणखी एक देत होतो. दांड्या तळाला टेकलेल्या. व्हॉल्व्ह मिटणार कशानं.
टॅपेट चांगले होते. दुकानदार खरं बोलत होता.
पाना भिंतीवर फेकून मारला. सु. नं उचलून आणला, जागेवर ठेवला, डबा घेऊन गेली.

४ डिसें.
शटर अर्धं ओढून काम. हायवेवरून कुणाला दिसायला नको. ती विरळणीच्या टोळीला सांगून आली, अंगात कणकण आहे म्हणून. शेठच्याच बागेतली टोळी.
ती फिरवणार, म्हणणार थांबा. मी खूण करणार, एक आटा देणार. बारा झाले. मधेच म्हणाली, "तुमी श्वास का धरून ठेवताय?" मी तिच्यावर खेकसलो. आठव्याला ती चुकली असं वाटलं, परत करायला लावलं. चुकली नव्हती.
लागली. पहिल्या सेल्फला. आवाज काय तो, नुसता वारा. सु. लहान पोरीसारखी हसली. मला हसू येईना. तीस वर्षं माझ्या बोटांत होतं ते, आणि तिला एका दुपारी आलं.

१० डिसें.
वरात झाली. गाडी बंद पडली नाही. मांडवात सगळ्यांसमोर शेठनं फेटा बांधला मला. "हात हाय राव भाऊंचा!" सु. बायकांत उभी होती, पत्रावळ हातात. माझ्याकडे बघत नव्हती. मी फेटा नीट करत बसलो.
घरी येताना रस्त्यात विचारलं, तू काही बोलली का नाहीस. म्हणाली, "तुमी बोलताय का बघत व्हते."
झोप नाही.

१४ डिसें.
मंचरचा एक पावणा. शेठनंच पाठवला. त्याच्याकडे अशीच जुनी गाडी, असंच इंजिन. हो म्हणून बसलो. कोणत्या तोंडानं?

२२ डिसें.
मंचरची गाडी आली. हेड बसवलं. आज टॅपेट.
सु. ला हाक मारली. आली, पण पुशरॉड धरेना. "नुसतं थांबा म्हनायला मी येनार न्हाई. शून्य कळतं मला. पुढचं पन शिकवा. पाना माझ्याकडं द्या."
मग मी काय करू, म्हटलं. शेजारी बसून बघू?
"बघा की."
किती सहज म्हणाली. मला म्हणे बघा. ज्या गॅरेजवर माझं नाव आहे तिथे. नाही नाही ते बोललो. तिच्या माहेरापर्यंत गेलो. ती ऐकत उभी, पाना तिच्या हातात. मी म्हटलं, ठेव तो खाली. ठेवला नाही.
बाहेर येऊन ओट्यावर बसून हे लिहितोय. पेन पण दाबून धरावं लागतं हल्ली. आतून आवाज येतोय, तिनं सुरू केलं वाटतं. आता हाक मारतेय.
"अवो, शून्य झालं. आता पुढं किती?"
दुसऱ्यांदा विचारलं.
एक आटा. तोंडाशी आलंय.