लिंबाने धुतलेली बाटली
मनामा, १४ मार्च १९९५

अर्धं लिंबू आणि दहा मिनिटं. एवढ्यात दोन हजार वर्षं धुवून टाकली मी.

शेजारच्या अबू युसुफने आजोबांची चिमुकली अत्तराची बाटली दाखवायला आणली होती. मी टिचकी मारली. "काचेचं वय मी कानाने सांगतो. ही कालपरवाची!" वर ती ठेवून घेतली आणि त्याला खूश करायला लिंबाने घासून लख्खही केली. तिच्यावरचे सप्तरंग मला मळ वाटले!

संध्याकाळी तो न्यायला आला. "मेरा रंग किधर गया?" मग त्याने बूड दाखवलं. नळीने फुंकून फुगवलेली काच सळईवर धरून तोडली, त्याचा खडबडीत व्रण. रोमन काम. ते सप्तरंग शतकानुशतकं थडग्यातल्या मातीत पडून काचेवर चढलेले. या अल्ला! तो रंग आता कुठून आणू? तो रागावलाही नाही.

वीस वर्षं काच विकतोय. बाटली उलटी करून पाहिलीच नव्हती.