माशी चालत नाही

१ मार्च २०१६, चाकूर
आजपासून रोज लिहायचं. पीएच.डी.चं सातवं वर्ष. ३० एप्रिल ही विद्यापीठाची शेवटची मुदत. साठ दिवस म्हणजे भरपूर.
प्रयोग सोपा. फळमाशी, म्हणजे केळ्यावर बसणारं चिलट, पाठीकडून पिनेला चिकटवायची. डोक्याला बारीक खिडकी पाडायची. मेंदू सुकू नये म्हणून वर सलाईनचा थेंब. पायाखाली थर्माकोलची गोळी. माशी चालली की गोळी फिरते. सलाईनमधले क्षार बदलले की चाल कशी बदलते, हा माझा प्रबंध.
उदगीर जिल्हा होणार, चाकूर त्यात जाणार, अशी चर्चा आहे. नव्या जिल्ह्यातला प्राणिशास्त्राचा पहिला डॉक्टर मीच.

४ मार्च
बारा माश्या. एकही चालली नाही. सुरुवात चांगली. बाराही सारख्याच वागल्या.

९ मार्च
डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र दिवाळीपासून बंद. त्याला नळाचं पाणी लागतं, नळाला पाणी नाही. तेव्हापासून कॉलेजच्या बोअरचं पाणी गाळून सलाईन करतो. दोनदा गाळतो.
लॅबचा शिपाई माणिकप्पा म्हणाला, "सर, ह्या पाण्यात डाळ शिजत न्हाई. माश्या कशा चालतील?"
डाळ हा वेगळा विषय आहे, असं त्याला शांतपणे समजावलं.

१७ मार्च
४२ अंश. अठरा माश्या. गोळी जागची हलली नाही. जड असणार.

१८ मार्च
हलकी गोळी केली. पंख्याच्या वाऱ्यानं उडाली. पंखा बंद केला तर मलाच चक्कर आली. आजचा दिवस धरायचा नाही.

२६ मार्च
गाईड डॉ. पंचशीला मॅडमचा नांदेडहून फोन. म्हणाल्या, बाटलीतलं कॅल्शियम प्रत्यक्ष मोजा. हो म्हणालो. मॅडम चांगल्या आहेत, पण बारीकसारीक गोष्टींत फार अडकतात.

२ एप्रिल, पहाटे
उलगडा झाला! माशी आळशी नाही. दुष्काळी भागातली माशी शक्ती राखून ठेवते. न चालणं हाच निष्कर्ष. प्रबंधाचं नाव बदललं.
सिंधु टँकरवरून दोन घागरी घेऊन आली, तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग दुष्काळात मी का एवढी चालून राहिले?"
बायकोला सायन्स कळत नाही. शिवाय सँपल एकच.

१२ एप्रिल
लातूरला रेल्वेनं पाणी आलं. इथं नाही. प्रबंध एकशे चाळीस पानं झाला.

२३ एप्रिल, नांदेड
मॅडमनी पानं उलटली नाहीत. माझी सलाईनची बाटली मागितली. मी नेलेल्या माश्यांतलीच एक पिनेला लावली, वर स्वतःचं सलाईन टाकलं. माशी चालली. गोळी गरगर फिरली. चाकूरची माशी.
मग थेंब टिपून माझं सलाईन टाकलं. दोन पावलं, आणि थांबली. परत त्यांचं. थोड्या वेळानं चालायला लागली.
माझ्या बाटलीत कॅल्शियम चौपट निघालं.
मॅडम रागावल्या नाहीत. चहा मागवला. म्हणाल्या, "अमृतराव, दिवाळीपासूनचं सगळं पुन्हा करावं लागेल."
एस.टी.त खिडकीजवळ जागा मिळाली.

२५ एप्रिल
मॅडमनी दोन लिटर सलाईन दिलंय. पाच दिवस, रोज साठ माश्या, एकूण तीनशे. जमेल. उद्या सहापासून.

२६ एप्रिल
सहाला पोचलो. काल दुपारी लाईट गेली ती रात्रभर नव्हती, कूलर बंद. माणिकप्पानं माश्यांच्या बाटल्या एकेक उजेडात धरल्या. म्हणाला, "सर, एक बी जित्ती न्हाई."
चाळीस बाटल्या. मीही पाहिल्या.

३० एप्रिल
मुदतवाढीच्या अर्जात कारण म्हणून 'दुष्काळ' लिहिलं. खोडलं. अर्ज पाठवला नाही. पीएच.डी.ची नोंदणी आज संपली.
सिंधुनं विचारलं, "झालं का?"
म्हणालो, "न्हाई. चुकलं माझं."
ती म्हणाली, "बसा. भाकरी टाकते."
बसलो.