गिअरबॉक्सला वारा

२ एप्रिल

गोरखदादाने पुण्याहून जुनी पिकअप आणली. ऑटोमॅटिक. अंगणात मित्रांना सांगत होता – 'क्लचच नाय राव. डावा पाय आजपासून पेन्शनीत.' मागे लोखंडी ट्रॉली जोडणार, वर पत्र्याचं छप्पर. यंदाच्या बैलगाडा शर्यतींना वजीर आणि बाकीचे तीन बैल तिच्यातून जाणार.

मी गाडीखाली शिरून गिअरबॉक्सचं थोडं तेल बोटावर घेतलं. लाल हवं. काळपट होतं, करपलेला वास. तसं सांगितलं. दादा म्हणाला, 'आली बघा चाकणची सायबीण.'

चाकणला दोन वर्षं माझं कामच ते होतं. गिअरबॉक्स तापवायचे आणि ते कशाने मरतात ते बघायचं. आईच्या आजारपणात वडिलांनी, आप्पांनी, नोकरी सोडायला लावली. आई गेली. नोकरी त्याआधीच गेली होती.

४ एप्रिल

ट्रॉलीत विटा भरून दादा नारायणगावला गेला. येताना ओढ्यापुढच्या चढावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं, गाडी जागची हलेना. थंड झाल्यावर हलली.

जेवताना मी म्हटलं, चार बैल, हे ऊन आणि गणेश खिंडीचा चढ – मढच्या जत्रेला ही गाडी पोचणार नाही. मला दुरुस्त करू दे. आणि रस्त्याकडेचा रिकामा गाळा मला द्या, मी गॅरेज टाकते.

सुनील – दादाचा मित्र, जेवायला बहुतेक आमच्याकडेच – म्हणाला, 'गिऱ्हाइकाला आधी हळदकुंकू लावशील का मग पंक्चर काढशील?' सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. हात धुऊन आले आणि म्हणाले, 'वजीर मढला गेला नि माघारी आला, गाडीला काय न होता, तर गाळा तुझा. न्हाई जमलं तर गॅरेजचं नाव काढायचं नाय. पावणं बघाया येतील, त्यांच्याम्होरं गप बसायचं.'

मी बरं म्हटलं. एवढं सरळ इथे मला कुणी काही दिलेलं नाही.

९ एप्रिल

तेल बदललं. रेडिएटरच्या पुढे, दर्शनी जाळीच्या मागे, तेल थंड करणारी वेगळी जाळी बसवली. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा. दिवसभर काम. प्रतिभावहिनी बॅटरीचा उजेड धरून उभी होती, तिची आरोही पदराला. चार वर्षांची पोर, पण पाने-पकडी नावानिशी आणून देते.

'वन्सं, हे कशाला?'

मी सांगितलं – ओझं ओढताना आतलं तेल तापतं. तापलेलं तेल नळीतून पुढे येतं, या जाळीत फिरतं, समोरून वारा लागतो, निवतं, परत आत जातं.

'आन वारा न्हाई लागला तर?'

'तर करपतं. गाडी ओढत नाही.'

'कुठनं लागतो वारा?'

मी तिचा हात धरून जाळीवर ठेवला. 'इथून. फक्त इथून.'

तिने हात बराच वेळ तिथेच ठेवला. आजवर मला घरात कुणी इतके प्रश्न विचारले नव्हते.

१२ एप्रिल

वहिनीला तीन दिवस ताप आहे. आज दवाखान्यात जायचं म्हणाली. दादा पिकअप पुसत होता. 'बैलांची गाडी हाय ती. बाईमानसाला न्हाय. जा की एसटीनं.' जाताना एसटी मिळाली. येताना आलीच नाही. फाट्यापासून पायी आली, भर दुपारी, आरोही कडेवर. उंबऱ्यात बसली ती उठेना.

मी पंखा आणायला गेले. तिच्या माहेरचा, लग्नात दिलेला. तो गोठ्यात वजीरवर फिरत होता. मी वायर काढायला लागले तर दादा म्हणाला, 'हात लावू नको. जत्रा झाल्यावर न्या.'

संध्याकाळी दूध आलं. वजीरची घागर भरली. आरोहीला कोरा चहा. वहिनी तापातच उठून घागर घेऊन गोठ्यात गेली, कारण वजीर दुसऱ्या कुणाच्या हातचं पीत नाही.

१५ एप्रिल

दादाला समोर बसवून सांगितलं. चढाला गिअर हाताने खालीच ठेवायचा. एसी बंद. काटा एकशेवीसच्या पुढे गेला की थांबायचं – पण इंजिन चालू ठेवायचं. बंद केलं की तेल फिरायचं थांबतं आणि जागच्या जागी करपतं. दादा मोबाईल बघत होता.

'ऐकलंस का?'

'व्हय गं. थांबायचं, बंद न्हाय करायचं. बायकांसारखं.' सुनीलने टाळी दिली.

मग फ्लेक्स आला. वजीर, शेजारी गॉगल लावलेला दादा, वर आप्पा. सगळ्यांच्या गाड्यांना फ्लेक्स पुढच्या जाळीवरच बांधतात. दादाने तिथेच धरून बघितला. मी नाही म्हटलं. दुसऱ्या गाड्यांना क्लच आहे, त्यांचं तेल असं तापत नाही. ही तेलावर चालते, हिचं तोंड झाकलं तर मेली. भांडण. शेवटी आप्पा म्हणाले, 'तिच्यावर सोपवलंय ना? बांधा ट्रॉलीच्या मागं.' आणि मला म्हणाले, 'तूबी बस गाडीत. काटा बघ.'

बाईने बैलांच्या गाडीत बसायचं हे आमच्या घरात पहिल्यांदाच.

१८ एप्रिल

चारही बैल घेऊन ओतूरपर्यंत जाऊन आलो. भर उन्हात. काटा शंभराच्या आत.

२० एप्रिल

मढची जत्रा. पहाटे मी फ्लेक्स ट्रॉलीच्या मागे सुतळीने स्वतः बांधला, तेल बघितलं, नळ्या हाताने चाचपल्या. मग आंघोळीला गेले. तेव्हा कळलं, अडचण आली आहे. कुणाला सांगणार नव्हते.

वहिनीने दोरीवरचे कपडे बघितले आणि चुलीपाशी मोठ्याने म्हणाली, 'आप्पा, वन्सं बाजूला बसल्यात.'

झालं. बैल निघताना अडचणीतली बाई समोर नको, गाडीला हात तर नकोच. आप्पांनी मागच्या खोलीकडे बोट केलं. मी म्हटलं, काटा कोण बघणार? 'गोरखला डोळं हायेत.'

जाताना दिसलं, माणसं गोठ्यात बैलांना गुलाल लावत होती. पुढे गाडीजवळ एकटी वहिनी, ओवाळायचं ताट घेऊन. मला भिंतीपलीकडून नारळ फुटल्याचा आवाज आला. मग इंजिनचा. मग काही नाही.

संध्याकाळ. गाडी गणेश खिंडीत बंद पडली. वजीर मेला.

२१ एप्रिल

जेवढं कळलं तेवढं लिहिते. खिंडीच्या मध्यात काटा शेवटाला टेकला. दादाला वाटलं, काटाच खराब आहे. एसी चालू होता. वास आल्यावर थांबला आणि इंजिन बंद केलं. पुन्हा सुरू झालं, पण गाडी ओढेना. चढावर बैलांचं वजन मागे आलेलं, ट्रॉलीचं मागचं फाळकं उघडता येईना. पत्र्याखाली चार बैल. वजीर सगळ्यात पुढे, अडकलेला. दुसरी गाडी येईपर्यंत तो बसला होता. उठला नाही. बाकीचे तीन वाचले.

पिकअप दोरीने ओढत आणली. फ्लेक्स पुढच्या जाळीवर होता. पूर्ण जाळी झाकलेली.

मी विचारलं, हा पुढे कुणी आणला? दादा म्हणाला, सुनीलने. सुनील म्हणाला, 'मी न्हाय राव, मला वाटलं तूच.' आप्पा म्हणाले, 'फ्लेक्सनं कुठं बैल मरतो? तालुक्यातल्या समद्या गाड्यांना फ्लेक्स हाय.' दादा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. 'तुझ्या जाळीनं खाल्ला माझा वजीर. आईला खाल्लंस, आता बैल खाल्ला.'

आईला हृदयाचा आजार होता.  

गाळ्याला दुपारी दुसरं कुलूप लागलं.

२५ एप्रिल

दादा चार दिवस जेवला नव्हता. आज जेवला आणि भाकरी जाड झाली म्हणून ताट वहिनीच्या अंगावर फेकलं. 'बैल मेला तरी हिचा घास उतरतो.'

२९ एप्रिल

वजीरचा दहावा. दादाने मुंडण केलं. दोनशे माणूस जेवलं. वहिनी पहाटेपासून चुलीपुढे. दारात नवा फ्लेक्स – वजीरचा तोच फोटो, आता हार घातलेला. खाली 'शोकाकुल' मध्ये आरोहीचंही नाव आहे. वहिनीचं नाही.

सुनील पंगतीत म्हणाला, 'वृषाली, तुझ्या लग्नात रुखवतात गिअरबॉक्स मांडू.' शोकाकुल माणसं हसली.

१ मे

गाडी दुरुस्तीला पुण्याला पाठवायची म्हणून फ्लेक्स सोडायला गेले. सुतळी नव्हतीच. चिंध्या होत्या, हिरव्या लुगड्याच्या. तान्ह्या आरोहीची झोळी ज्या लुगड्याची होती, त्याच. गाठही झोळीचीच – दोन वेढे, टोक आत.

वहिनी विहिरीवर धुणं धूत होती. मी चिंधी तिच्यापुढे धरली. तिने धुणं थांबवलं नाही.

'मीच मागचा सोडला. मीच म्होरं बांधला.'

'का?'

'यांनी एकदा उनातनं पायी यावं म्हनलं. फाट्यापासनं. बाकी काय न्हाई.' मग थांबून – 'वजीर जाईल असं न्हवतं वाटलं. त्याला मीच चारत व्हते.'

'मला बाजूला बसवलंस तेही मुद्दाम?'

'तुमी असता तर काढला असता.'

'आणि माझा गाळा?'

तेव्हा तिने वर बघितलं. 'तुमी गाळ्यावर गेला असता. दिवसभर. हितं मी एकली कुनाच्या तोंडाकडं बघायचं?'

मला हे एखाद्या तपासणीसारखं नीट कळलं. तिने विचारलं, मी शिकवलं, तिने वापरलं. एकही पायरी चुकलेली नाही.

आप्पांना सांगितलं तर कदाचित गाळा परत मिळेल. दादाला तर लगेच पटेल, बायकोने केलं म्हटलं की त्याला काहीही पटतं. मग तो तिचं काय करेल तेही मला माहीत आहे. सगळ्या चिंध्या मी चुलीत टाकल्या. ती विहिरीवरून आली, तिने राख बघितली. आभार मानले नाहीत. मीही मानू दिले नसते.

४ मे

पाहुणे येऊन गेले. मुलगा बरा होता, त्याने मला माझं शिक्षण विचारलं. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, 'शिकलीय लई. हिच्या शिकण्यापायी आमचा वजीर गेला.' मुलाची आई उठताना म्हणाली, पोरीचा पायगुण बघावा लागतो. आप्पा त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेले. दादा मला म्हणाला, 'गप बसायला सांगितलं व्हतं ना? असंच बसायचं. जन्मभर.'

रात्री वहिनीने माझं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली.

७ मे

पिकअप दुरुस्त होऊन आली. उद्या दादा एकटाच नवा बैल बघायला माळशेज घाट उतरून जाणार.

वहिनी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, 'वन्सं, ब्रेकलाबी तेलच असतं का वो?'

मी हो म्हटलं. कुठे असतं तेही सांगितलं.