रखमेच्या किडनीतला साचा

४ एप्रिल १९९४, सकाळ
बायकोला, म्हणजे रखमेला, घेऊन परळच्या हॉस्पिटलात. डॉक्टरीणबाई हुशार, पण वयाने लहान. म्हणाल्या, उन्हाने कातडीत कच्चं व्हिटॅमिन डी तयार होतं, किडनी ते कामाजोगं करते. काकींची किडनी थकलीय. म्हणून तयार, ॲक्टिव्ह व्हिटॅमिन डीची कॅप्सूल द्या, कॅल्सिट्रिऑल. सांगू तेवढीच, आणि रक्त तपासत राहा.

मी गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवून कापड विणलेला माणूस. लगेच समजलो. ऊन सूत देतं, किडनी कापड विणते. रखमेचा साचा बंद पडलाय, एवढंच. बंद साचे सुरू होतात. संप झाला म्हणून काय, आमची गिरणीही उघडणारच आहे.

५ एप्रिल
ठराव. कॅप्सूल आणायची नाही. पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. साचेवाल्याच्या बायकोने तयार माल घ्यायचा? भरपूर सूत पुरवलं की साचा आपोआप चालेल. काल डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा रखमा बाहेर बाकावर होती. तिला सांगितलं, डॉक्टरांनी ऊन सांगितलंय. ऊन हा शब्द त्यांच्या तोंडून आला होताच.

९ एप्रिल
गच्चीवर फर्स्टक्लास व्यवस्था. रखमा उन्हात, शेजारी अख्ख्या चाळीचे पापड. कावळे हाकलायचं काम तिच्याकडे आपसूक आलं. शेजारच्या शेवंतीवहिनी खूश. मी टाकीच्या सावलीत. देखरेख करणाऱ्याने उन्हात बसायचं नसतं.

२१ एप्रिल
रखमेची कंबर जास्त दुखते. चांगलं लक्षण. जुनं मशीन सुरू होताना खडखडतंच. शेजारच्या खोलीतल्या भिवाला ठराव सांगितला, तर म्हणाला, दौलत, कॅप्सूल आण रे बाबा, डोकं चालवू नको. हा संपात गावाला पळालेला. त्याचं काय ऐकायचं!

गिरणीच्या गेटवर जाऊन आलो. वॉचमन माझा पास बघून हसला. अजून ओळखतो.

२ मे, दुपार
गच्चीवर रखमेची बोटं वाकडी होऊन मुठी आवळल्या. वाटलं, ताकद आली. मग तोंडाकडे बघितलं. रडत होती. रखमा रडत नाही कधी. मी भिवाला हाक मारली. भिवाने टॅक्सी आणली.

संध्याकाळ
इंजेक्शनने बोटं सुटली. कॅल्शियम फार खाली गेलेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कॅप्सूल रोज घेता ना? रखमा म्हणाली, कसली कॅप्सूल? मग मी सुताचा मुद्दा सविस्तर मांडला. बाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, काका, बंद साच्यावर कितीही सूत चढवा, कापड निघतं का?

नाही म्हणावं लागलं.

५ मे
कॅप्सूल आणली. पाण्याचा पेला मीच धरला. रखमा म्हणाली, तुमच्या गिरणीचो भोंगो वाजतलो म्हणान बारा वर्सां वाट बघलंय. आता किडनीची वाट बघूक माका वेळ नाय.

उद्या गेटवर जायचं नाही. काम लागलंय. रखमेला विश्रांती सांगितलीय आणि पापड तर वाळायचे आहेत. तेव्हा गच्चीवर कावळे हाकलायला मी, भर उन्हात. गिरणीत मी कायम कामगार होतो. इथे रखमेच्या जागी बदली.