निळ्या टाक्यांना कात्री लावू नये

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, आज सकाळची पूजा आटोपून, चहा पिऊन आणि चष्मा पुसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज लागत नाही असे वकिलांनी सांगितले. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करायला घरात दुसरे माणूसच नाही. मृत्युपत्र करायचे माझ्या मनातही नव्हते. मागच्या महिन्यात माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एक माणूस बारीक कात्री घेऊन बसला, तेव्हा ठरवले. त्याविषयी पाचव्या कलमात.

कलम पहिले. राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या एका मुलास द्यावे. तो लांब राहतो, तो ते विकणार, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. फक्त घेणाऱ्याला न्हाणीघरातला नळ दाखवून द्यावा. तो उलटा पिळला की बंद होतो. ही गोष्ट मला आणि माझ्या यजमानांना, दोघांनाच ठाऊक होती. आठ वर्षे झाली, ती मला एकटीलाच ठाऊक आहे.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लकही मुलाचीच. माझे शेवटचे कार्य त्यातून, साधेपणाने करावे. भाड्याच्या खुर्च्या मागवू नयेत, तेवढी माणसे येणार नाहीत. माळ्यावरच्या जमाखर्चाच्या वह्या न उघडता रद्दीत घालाव्यात. दूध, रॉकेल आणि शाळेची फी यापलीकडे त्यांत काही नाही, आणि बेरजा बरोबर आहेत.

कलम तिसरे. धाकट्या दिरांकडे आमची लोखंडी शिडी आहे. घराला रंग देताना नेली, त्यानंतर त्यांच्या घराला दोनदा रंग झाला. ती आता त्यांचीच समजावी, म्हणजे परत न केल्याचे त्यांना वाईट वाटायचे थांबेल. वाईट वाटत नसेल तर मागून आणावी.

कलम चौथे. समोरच्या नर्सबाईंना या मृत्युपत्राने काहीही ठेवलेले नाही, कारण ज्याला काही मिळते त्याने साक्षीला बसू नये असे वकील म्हणाले. म्हणून शिलाई मशीन मी त्यांना आजच देऊन टाकले. "काकू, मला शिवता कुठं येतं?" असे त्या म्हणाल्या. येईल. देवापुढचा पितळी दिवा मुलाने न्यावा. लावला पाहिजे अशी सक्ती नाही, पण अडगळीत टाकू नये. मी रोज त्याच्यापुढे बसते. हल्ली मागण्यासारखे काही सुचत नाही, म्हणून नुसतीच बसते. तेवढा वेळ घरात आणखी कोणीतरी आहे असे वाटते.

कलम पाचवे. क्रिकेटचे ग्लोव्हज.

माझे यजमान पाणीपुरवठा कचेरीत कारकून होते आणि कचेरीच्या संघात यष्टिरक्षक. हातात आलेला चेंडू सुटत नसे, म्हणून सगळे त्यांना चिमटा म्हणत. गिरणीच्या संघाविरुद्ध अंतिम सामन्यात त्यांनी शेवटचा झेल घेतला आणि करंडक कचेरीत आला. तो झेल पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत, पण न पाहिलेलीही त्याविषयी बोलतात. त्या दिवशीचे ग्लोव्हज पत्र्याच्या ट्रंकेत, उशीच्या जुन्या अभ्र्यात आहेत. तळव्यांचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधला चामड्याचा पडदा चिरलेला आहे आणि तो निळ्या धाग्याने शिवलेला आहे.

क्लबने आता नवी इमारत बांधली आहे. तिथे काचेच्या कपाटात हे ग्लोव्हज ठेवायचे आहेत. मुलाने फोनवर हो म्हटले, वर स्वतःच्या खर्चाने ते नीट करून द्यायचेही कबूल केले. बाबांची वस्तू लोकांपुढे फाटकी दिसू नये, असे त्याला वाटले. यात त्याचे प्रेम आहे, हे मला समजते.

तर क्लबचे चिटणीस एका दुरुस्तीवाल्याला घेऊन आले. तो जुन्या बॅटी, चेंडू, करंडक हेच काम करतो. माणूस वाईट नव्हता. आधी साबणाने हात धुतले, मग ग्लोव्हजना हात लावला.

"काकू, रबर आहे तसंच ठेवणार," तो म्हणाला. "ते खेळून झिजलंय, त्याला धक्का लावायचा नाही. पण हे टाके मागाहून घातलेत. घरगुती आहेत. हे काढून टाकू."

"आणि चिरलेलं?"

"आतून पातळ चामडं लावतो. फाटलं होतं हे कळणारसुद्धा नाही."

"मग कपाटात ठेवून दाखवणार काय?"

चिटणीस हसून म्हणाले, "वहिनींना फाटकं बघवत नाही हो. चिमट्याच्या पावसाळी कोटावर मूळ कापड किती अन् ठिगळं किती, यावर आम्ही पैजा लावायचो."

तेवढ्यात दुरुस्तीवाल्याने बारीक कात्रीचे टोक पहिल्या टाक्याखाली घातले. मी ग्लोव्ह त्याच्या हातातून काढून घेतला आणि दोघांना म्हटले, चहा घ्या आणि या. त्यांनी चहा घेतला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"आई, तू पायपुसणंसुद्धा शिवतेस. बाबांचे ग्लोव्हज तरी सोडायचे होतेस."

"ते त्याच दिवशी शिवलेत. सामना चालू असताना, जेवणाच्या सुट्टीत. मी शिवलेत."

"तू कुठून आलीस तिथं? बाबा तर कायम सांगायचे, फायनलला घरचं कोणी नव्हतं."

"तू पण होतास."

"मी?" तो हसला. "मला तेव्हा दात तरी होते का?"

"एक आला होता."

मग तो अगदी मायेने म्हणाला, "बरं आई. तू म्हणतेस तसं." या स्वरात माणसे लहान मुलांशी बोलतात आणि म्हाताऱ्यांशी.

म्हणून जे फोनवर पटले नाही ते इथे लिहिते. देवाला स्मरून लिहिते. त्याने ते पाहिलेले आहे, पण साक्षीदार म्हणून त्याची सही घेता येत नाही.

संघाच्या कप्तानाचा दंडक होता की अंतिम सामन्याला कोणाच्या घरचे माणूस मैदानावर दिसता कामा नये. बायकापोरे दिसली की खेळाडूचे लक्ष उडते, असे त्याचे म्हणणे. तो कचेरीतला साहेबही होता. तरी मी गेले. मुलाला कडेवर घेतले आणि रोलर ठेवायच्या पत्र्याच्या शेडमागे बसले. यजमानांना ठाऊक होते. जेवणाच्या सुट्टीत ते डावा ग्लोव्ह शर्टाखाली लपवून शेडमागे आले. पडदा चिरला होता. दुसऱ्याचे ग्लोव्हज मिळत होते, पण परक्या ग्लोव्हमध्ये बोटे परकी होतात असे ते म्हणत. माझ्या पिशवीत मुलाचे अर्धे शिवलेले झबले होते, सुई होती, निळे रीळ होते. चामड्यात सुई जाईना, तेव्हा ग्लोव्ह रोलरच्या दांड्यावर टेकवून, मुलाच्या दुधाच्या वाटीने सुई मागून दाबून शिवले. ते मुलाला घेऊन उभे होते आणि सारखे मागे वळून बघत होते, कोणी येते का. शिवून झाल्यावर त्यांनी ग्लोव्ह घातला, अंगठा ताणून पाहिला आणि पळत गेले.

झेल मी पाहिला नाही. शेडमागून मैदान दिसत नव्हते. आरडाओरडा ऐकला आणि समजले. मग कोणी बघण्याआधी बस धरून घरी आले. हे घरी आल्यावर ग्लोव्हज फळीवर ठेवत म्हणाले, "टाके टिकले." मी म्हटले, "हो ना."

त्यानंतर सत्कार झाला. मी मागच्या रांगेत होते, मांडीवर हाच मुलगा. हे भाषणात म्हणाले, "पडदा फाटला होता, कोणीतरी शिवून दिला." कप्तान शेजारच्या खुर्चीवर बसला होता, त्यामुळे तसे म्हणाले असतील, असे मी धरून चालले. पुढे कप्तानाची बदली झाली. मग वारलाही. तरी दर वेळी सांगताना 'कोणीतरी' हा शब्द तसाच राहिला. मीही दुरुस्त केला नाही. भरल्या घरात नवऱ्याला खोटे पाडायचे कसे, आणि रिकाम्या घरात सांगायचे कोणाला?

त्यांचीही बाजू लिहिली पाहिजे. खेळाच्या सामानाचा दुकानदार एकदा नवा पडदा फुकट बसवून देत होता. हे नको म्हणाले. "राहू दे, हाताला बसलंय ते." नंतर खेळ सुटला, बोटे वाकडी झाली, तरी अधूनमधून ट्रंक उघडून डावा ग्लोव्ह घालून बसत. उजवा घालत नसत. मी दारातून बघत असे आणि आत जात नसे.

दुरुस्ती करावी की नाही, यावर माझे मत असे. जन्मभर मी फाटले की शिवले, कारण ती वस्तू उद्या वापरायची असे. हे ग्लोव्हज उद्या कोणी घालणार नाही. झीज यजमानांची आहे, चीर कचेरीच्याच गोलंदाजाची आहे, टाके माझे आहेत. त्या झेलाच्या वेळी ही तिन्ही त्या हातात होती. त्यातले एक काढून दोन ठेवू नयेत.

सबब, ग्लोव्हज क्लबास द्यावेत ते या अटींवर. धुऊ नयेत, तेल लावू नये, आतून चामडे लावू नये. टाके कापू नयेत. धागा जुना आहे, आपोआप सुटला तर सुटू द्यावा, पण पुन्हा कोणी शिवू नये. कपाटातल्या पाटीवर असे लिहावे: 'डाव्या ग्लोव्हचा पडदा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या बायकोने शिवला.' माझे नाव घालण्याची आवश्यकता नाही. 'कोणीतरी' हा शब्द मात्र घालू नये. हे क्लबला मान्य नसेल तर ग्लोव्हज मुलाने न्यावेत. त्याला अगदीच हात फिरवायचा असेल तर उजव्यावर फिरवावा.

कलम सहावे. त्या निळ्या धाग्याचे रीळ शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली आहे. झबलेही आहे, एक बाही बिनशिवलेली. त्या दिवशी राहिली ती राहिलीच. ही दोन्ही मुलास द्यावीत. धागा जुळवून बघण्यासाठी देत नाही. माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे त्याने झबले हातात घेऊन ठरवावे. त्या वेळी शेडमागे आम्ही तिघे होतो. आता त्यातला तो एकटाच उरेल, म्हणून हे त्याच्याकडे.

याव्यतिरिक्त माझे कोणाकडे काही मागणे नाही.

लिहून ठेवणार: (सही) चिमट्याची बायको

साक्षीदार पहिल्या: (सही) समोरच्या घरातल्या नर्सबाई

साक्षीदार दुसरे: (सही) तळमजल्यावरचे घड्याळवाले

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे.

साक्षीदारांचा शेरा: बाईंनी वरील मजकूर आमच्यादेखत स्वतः मोठ्याने वाचून दाखवला. पाचवे कलम दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना ग्लोव्ह हातात घातला होता. सही करतानाही त्यांना तो काढायचा नव्हता, डावा असल्यामुळे काढावा लागला नाही.