सेलेनियमच्या वाटेत शिसे

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
विभागात यंत्रपूजा. परवा इंदूरला निघायचे. माझी संशोधक विद्यार्थिनी सुनीता (यापुढे सु.) हिला तिथल्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या महायंत्रावर, दोन दिवस मिळाले आहेत. शिष्यवृत्तीचे शेवटचे वर्ष. एकच प्रकरण राहिले आहे: तिने घडवलेल्या रेणूत सेलेनियमचे इलेक्ट्रॉन कसे वाटले गेले. पुन्हा पाळी वर्षाने, म्हणजे नाहीच. पूजेस परवानगी दिली, पण अभ्यासपूर्वक. हळद चालेल, तिच्यातील मूलद्रव्ये या ऊर्जेत आडवी येत नाहीत. फळ्यावर आलेखासह समजावले. तोवर पेढ्यांना मुंग्या.

३ ऑक्टो., शुक्र.
बसमध्ये शेजारी आमच्या गावच्या गुलमंडी बाजारातले कापडवाले काका. त्यांनी कामाविषयी विचारले, मी सांगू लागलो. क्ष-किरणांची ऊर्जा वाढवत न्यावी. ठरावीक ठिकाणी अणूच्या गाभ्याजवळचा इलेक्ट्रॉन उखडतो, आलेख उडी घेतो. पुढच्या लाटांवरून शेजारचे अणू ओळखावेत. इथवर आलो तेव्हा त्यांनी मागची सीट घेतली होती. मागे वळून पूर्ण केले.

६ ऑक्टो., सोम. इंदूर.
सेलेनियमची उडी देखणी. आणि लाटांच्या मधोमध दुसरी उडी! नवी इलेक्ट्रॉनिक अवस्था? सु.ला शोधनिबंधाचे शीर्षकही सुचवले. मग कोणते मूलद्रव्य किती ऊर्जेला उडी घेते त्याचा तक्ता उघडला. शिसे.
शिसे आले कुठून? सु. म्हणाली, "सर, पुडीच्या चकत्या दाबायच्या साच्याला शेंदूर लावला व्हता. आमच्या चितेगावच्या मारुतीचा. तुम्ही हळदीचं सांगितलं, शेंदराचं कुठं सांगितलं?"
शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. दरवर्षी शिकवतो.

७ ऑक्टो., मंगळ.
पूड उरली ती एका चकतीपुरती. साचा स्पिरिटने धुतला, घासला, पुन्हा धुतला. सु.च्या आईचा फोन. शेंदूर पुसू नका म्हणाल्या. मी शिशाविषयी मुळापासून सांगू लागलो. "तुमचं बराबर हाय, सर," त्या म्हणाल्या, "पर एवढं लावायच्या आदी सांगायचं ना."
दुपारी शेवटच्या चकतीची मोजणी सुरू. सेलेनियमची उडी झाली. लाटा स्वच्छ. रेषा शिशाच्या जागेकडे निघाली आहे. सु. म्हणाली, "लांबून हात जोडले तर चालंल का, सर?"
हात जोडण्यात मूलद्रव्य नाही, म्हणालो. तिने डोळे मिटले आहेत. मी मिटलेले नाहीत. कोणीतरी पडद्याकडे पाहायला हवे. अजून चार-सहा बिंदू, मग कळेल, शिसे गेले की नाही.